अमीनचाचांचं शून्य

कुणावर रागवायचं असलं की अमीनचाचा आधी दोन्ही तर्जन्यांची टोकं एकमेकींना टेकवून क्षणभर गप्प बसायचे. नवख्याला वाटे, हा नमाजातलाच काहीतरी प्रकार असावा. तो प्रकार मीटरचा होता. तारेचा रोध मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना भिडवायच्या, काटा शून्यावर येतो का बघायचं, नसेल येत तर घुंडी फिरवून आणायचा, आणि मगच समोरच्याचं माप काढायचं. "आधी आपलं शून्य लाव, पोरी," चाचा म्हणायचे, "मंग दुसऱ्याला नावं ठेव."

चिंचवडला पत्र्याच्या छपराखाली आमचा लहानसा कारखाना होता. मोटारींच्या इग्निशन कॉइल तिथे बनत. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी आकुर्डीची, एकोणीस वर्षांची, घराण्यातली पहिली मॅट्रिक. एवढ्या भांडवलावर मला वाटायचं, विजेनं तारेत शिरताना माझी परवानगी घ्यावी. वडिलांनी नोकरीला पाठवताना बजावलं होतं, "पहिली तक्रार आली की घरी. अन् घरून सरळ बोहल्यावर."

चाचा चाकणचे, तपासणीच्या टेबलाचे मुख्य. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात हे त्यांनीच शिकवलं. जाड तारेचं तीनेक ओहम दाखवतं, केसासारख्या तारेचं आठेक हजार. ही बारीक तार आत तुटली की काटा जागचा हलत नाही. ती कॉइल मेली. भट्टीतून निघालेली कॉइल मी लगेच मोजायची, गरम तारेचा आकडा वाढलेला दिसला की बाद करायला निघायची. चाचा हात धरत. "निवू दे तिला. तापल्या माणसाचं बोलणं कुनी लिवून घेतंय व्हय?"

माझी खरी खोड वेगळी होती. सळ्यांना लावायचे चिमटे कॉइलवरून निसटतात म्हणून मी सळ्यांची टोकं बोटांनीच दाबून धरायची. मे महिना, तळवे घामानं चिंब. एकदा चाचांनी ते पाहिलं. तर्जन्या टेकवल्या, मग दोन्ही सळ्या माझ्या हातांत दिल्या.

"धर."

काटा हलला.

"बघ. कॉइल न्हाई, काय न्हाई. तुझ्या अंगातनं वाट काढली विजेनं. मेल्या कॉइलीला अशी धरशील तर ती बी जिती वाटंल. तू तिला न्हाई, सोताला मापतीस."

टेबलावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. चौथीत शाळा सोडलेल्या माणसानं मॅट्रिकला शिकवावं! दोन दिवस मी चिमटे लावले. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीची हळद होती आणि मला नवी साडी नेसून मिरवायचं होतं. ठिणगी पाडून बघायचं यंत्र त्या आठवड्यात नेमकं बंद, सगळा भरवसा मीटरवर. मी बोटांनी भराभर ट्रे संपवला. काटा हलला की पास, हलला की पास. हळदीत सगळ्यांत सुंदर मीच दिसत होते. असं मला वाटत होतं.

त्या ट्रेमधल्या सहा कॉइल गिऱ्हाइकाकडून परत आल्या. सहाही मेलेल्या. शेठ टेबलापाशी येऊन ओरडले, "हा ट्रे कुणी तपासला?"

चाचांनी तर्जन्या टेकवल्या. नेहमीपेक्षा फार वेळ. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मी, शेठ. चष्मा बदलायचा राह्यलाय."

"मग घरी बसून बदला!"

वडिलांची अट चाचांना ठाऊक होती. मीच ती मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितली होती. 'मी तपासला' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी फरशीकडे बघत राहिले, जणू तिचाच रोध मोजायचा होता. फाटकाशी चाचा एवढंच म्हणाले, "हात पुसत जा, पोरी."

पुढे चाकणच्या रस्त्याला टपरी टाकून ते स्कूटरी दुरुस्त करू लागले. नोकरी वाचवून मी किती वाचवली? दोन वर्षांत लग्न होऊन सोडलीच. सासर राजगुरुनगरचं, त्यामुळे माहेरी जाता-येता एसटी त्या टपरीवरूनच जायची. मी नेहमी पलीकडच्या खिडकीशी बसायची. पोरं विचारत, "आई, इकडं ऊन आहे, तरी इथंच का?" मी म्हणायची, "मला ऊन आवडतं."

ऐंशीचं दशक अर्धं सरल्यावर कळलं, चाचा अंथरुणाला खिळलेत. त्या दिवशी मात्र एसटीतून चाकणला उतरले.

चाचीनं दार उघडलं. खाटेवर चाचा डोळे मिटून पडले होते. मी उशाशी बसले, त्यांचं मनगट धरलं आणि इतक्या वर्षांचं सगळं एका दमात ओकून टाकलं: चाचा, तो ट्रे माझा होता, मी बोटं लावली होती, मी गप्प बसले. बोलता बोलता माझ्या अंगठ्याखाली ठोके लागत होते, चांगले दणदणीत.

"चाची, ऐकतायत ते! नाडी बघा कशी जोरात चाललीये!"

चाची पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. ते तिनं खाली ठेवलं.

"अंगठा काढ, बाई. अंगठ्याला आपलीच नाडी लागती. डागदर मला रोज सांगायचा."

मी अंगठा उचलला. पदराला हात पुसला, तीन बोटं टेकवली आणि वाट बघत बसले. काहीच हललं नाही.