मुठीत दाबलेली बट

आज सकाळी लेकीच्या कंगव्यात केसांचा गुंता दिसला आणि मी तिला दोनदा विचारलं, "ताप नाही ना गं?" ती वैतागली. तायडीच्या आजारपणात तिचा जन्मही झाला नव्हता.

तायडी माझी थोरली बहीण. जंतांमुळे तिच्या यकृतात गाठ झाली होती. ऑपरेशनआधी काही महिने जंताच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर पंधरा दिवसांनी रक्त तपासा. केस गळाले, ताप आला, तर लगेच या." पण चांदवडला आमच्याकडे कांद्याची काढणी सुरू झाली आणि एक तपासणी राहून गेली.

त्या दुपारी ओट्यावर मी तिची वेणी घालत होते. फरशी उन्हानं तापली होती, खोबरेल तेलाचा वास सुटला होता. कंगवा फिरवला तशी अख्खी बट हातात आली. मी ती मुठीत दाबली.

"लय गळतायत का गं?" तिनं मान न वळवता विचारलं.

"नाय, रोजच्यासारखेच."

गोळ्या बंद झाल्या तर गाठ वाढेल, या भीतीनं मी कुणाला काही न सांगता घरात-अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. संध्याकाळी तिचं अंग तापलं, तेव्हा रडत आईला सगळं सांगितलं. आईनं तिची उशी उचलली, तर अभ्र्यात केसांचा मोठा पुंजका निघाला. तायडी आठ दिवस तो लपवत होती.

तिला नाशिकला नेलं; गोळ्यांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या. गोळ्या थांबवल्यावर ती सावरली, पुढे ऑपरेशनही झालं. तेव्हा वाटायचं, मी तिला जपत होते. आता कळतं, आम्ही दोघी एकमेकींना धीर देत बसलो आणि डॉक्टरांना सांगायला कुणीच उरलं नव्हतं.