नखाला न अडकणारा जोड

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. उगाच गोड कशाला बोलू? ती कागलची, आयटीआय झालेली. लग्न होऊन आली आणि सासऱ्यांनी तिला लगेच मायक्रोप्लाझ्मा वेल्डिंगच्या मशीनवर बसवलं. मी मुरगूडची, तिच्या कितीतरी आधी या घरात आलेली, आणि माझ्या हातात कानस. गडमुडशिंगीच्या आमच्या शेडमध्ये तिनं जोड मारायचा, मी घासायचा. गिऱ्हाईक कौतुक करणार तिचं. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची.

मग जेवायच्या सुट्टीत मीही शिकले. शिकवलं तिनंच, तेही मला खुपलं. स्टेनलेस स्टील गुणाचं, कागदाएवढा पत्राही त्या सुईएवढ्या ज्योतीखाली निमूट जुळतो. टायटॅनियम लाडावलेलं, तापलेलं असताना वरचं आरगॉन गॅसचं पांघरूण जरा सरकलं की निळं पडलंच. पितळातलं जस्त जळतं, शेडभर पांढरा धूर. आणि अ‍ॅल्युमिनियम मेलं हट्टी! त्याच्यावर डोळ्याला न दिसणारी साय असते. ती फुटेपर्यंत आतल्या धातूचं पाणी झालं तरी जोड धरत नाही, आणि जरा हात रेंगाळला की भोक.

नेमकं अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ डब्यांचं मोठं काम आलं. सासरे म्हणाले, "दोघी एकेक जोड मारा. जिचा साफ यील, ती मशीनवर बसंल. दुसरीनं घासायचं."

सासऱ्यांची परीक्षा एकच. डोळे मिटून जोडावरनं अंगठ्याचं नख फिरवायचं. अडकलं की कानस.

ताटलीत आमचे दोन तुकडे ठेवले, कुणाचा कुठला ते न सांगता. पहिल्यावर नख थांबलं. दुसऱ्यावरनं सर्रकन गेलं.

"आयला, लोणी हाय की! धाकटीचा हात ह्यो."

"मामंजी, त्यो माझा हाय!" मी जवळजवळ ओरडलेच.

"व्हय मामंजी, अक्कांचाच हाय," जाऊ म्हणाली. एवढं चांगलं वागायची काय गरज होती तिला? माझं मलाच बोलू द्यायचं होतं.

सासऱ्यांनी तुकडा परत उचलला, डोळे मिटले आणि नख फिरवलं, या वेळी अगदी हळू.

"हितं जरा अडकतंय की गं," ते म्हणाले, आणि कानस माझ्याकडं सरकवली.