स्लॅबपर्यंत फरशी

दुकानात आल्या की त्या आधी हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि मनगटाची आतली बाजू ग्रॅनाइटच्या कडेवरून फिरवायच्या. मग कडेला पोट टेकवून, ओट्याशी उभं राहावं तशा उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "हितं जलम काढायचाय, ताई. टोचून कसं चालंल?"

उमरग्याला हायवेवर काकांचं फरशी-ग्रॅनाइटचं दुकान आहे. कॉलेज संपल्यावर स्थळ ठरेपर्यंत काकांनी मला तिथं बसवलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात मुळातच बुजरी. गिऱ्हाइकाला "बसा" म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही. म्हणून मी नुसती बघत बसायचे. दुकानात बसलेल्या माणसाला थोड्या दिवसांत कळायला लागतं, कोण घेणार आणि कोण हात लावून जाणार. तुम्हीही कुठे गल्ल्याशेजारी बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. या बाईंचं मात्र मला कळत नव्हतं.

त्या माकणीकडच्या, चाळिशीला टेकलेल्या. नवं घर बांधत होते. सोबत कायम सासरे. ओट्याचा दगड आणि त्याची कड त्यांनी पहिल्याच फेरीत पसंत केली. काळा ग्रॅनाइट, पुढून दुहेरी पट्टी, गोल घासलेली आणि बोटभर उंच. भांड्यांचं पाणी पुढे वाहत येऊन लुगडं भिजवतं, ते थांबावं म्हणून ही उंची. जुन्या घरात कायम ओल्या पोटानंच स्वयंपाक केला, असं त्या हसत हसत सांगायच्या.

पण भिंतीची फरशी ठरेना. ओट्यामागच्या भिंतीला तेलाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून लावतात ती. पांढरी दाखवली तर हळद बसेल म्हणायच्या. गडद दाखवली तर अंधार पडेल. फुलाफुलांची काढली तर फुलांवर फोडणी उडालेली बघवणार नाही. त्या गेल्यावर काका म्हणायचे, या बाईंनी लग्नाला होकार कसा दिला असेल? त्यांना कुणी विचारलं होतं का, असं माझ्या मनात यायचं.

सासरे स्टुलावर बसून चहा घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. सुनेला आवडेल तीच फरशी घ्यायची, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. फक्त आता त्यांचा धीर सुटत चालला होता.

"मिस्त्री बसून खायलाय," ते काकांना म्हणाले. "ओट्यापासून स्लॅबपर्यंत फरशी लावायची, ते खिडकीचं भोक बुजवायचं, झालं. एवढ्याला किती दिस?"

त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. त्या माझ्याजवळ सरकल्या.

"फरशी ठरली की खिडकी बुजिवणार. म्हणून ठरवत न्हाय, ताई."

ओटा संपतो तिथं, रस्त्याकडच्या भिंतीत खिडकीची जागा सोडलेली होती. पण सून स्वयंपाक करताना येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार, हे घरात कुणालाच रुचत नव्हतं. धुरासाठी चिमणी बसवू म्हणाले होते, त्यामुळे बोलायला काही उरलं नव्हतं.

"मला कुणी बघावं म्हणून न्हाय ओ," त्या म्हणाल्या. "मला बघाय पायजे. येष्टी आली, पोरी शाळंला चालल्या, कुणाची म्हैस सुटली. एवढंच."

मग त्यांनी विचारलं, ओट्याच्या दुहेरी पट्टीला जो दगड लागणार आहे, त्यातून खिडकीची चौकट निघेल का? मला आधी काही उमगलं नाही. आमच्या भागात दाराची चौकट उभी करताना मिस्त्री हळद-कुंकू, खण, नारळ मागतो. पूजा झाल्याशिवाय हात लावत नाही. आणि एकदा पुजलेली चौकट कुणी फोडत नाही.

"दाराची पुजत्यात," त्या म्हणाल्या, "खिडकीची पुजू न्हाय असं कुणी सांगितलंय?"

मी मागे जाऊन कटिंगवाल्याला सांगितलं, ओट्याची कड एकेरी ठेवा आणि चार पट्ट्या वेगळ्या काढा. सासरे परत आले तेव्हा तो दगडावर खुणा करत होता. या चार कशाच्या, त्यांनी विचारलं. त्या खाली बघत राहिल्या.

"ओट्याखालच्या कप्प्यांच्या आहेत, बाबा," मी म्हणाले.

इतकं मोठ्यानं मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते. काकांनी मान वळवून पाहिलं. त्या मात्र एकदम घाईला आल्या. अगदी पहिल्यांदा दाखवलेली पांढरी फरशी त्यांनी पसंत केली आणि "स्लॅबपर्यंत" हे स्वतःच सांगितलं.

वास्तुशांतीला त्यांच्याकडून आम्हाला बोलावणं आलं. काकूंनी मला काठापदराची साडी नेसवली, कारण तिथं एक बाई येणार होत्या आणि त्यांचा पुतण्या लग्नाचा होता. पंगतीत मी मान खाली घालून जेवले. समोरून कुणीतरी आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतंय, हे मान खाली असली तरी कळतं. हात धुवायच्या निमित्तानं मी उठले आणि स्वयंपाकघरात शिरले.

त्या भांडी विसळत होत्या. एकेरी कडेवरून पाणी येऊन नवी साडी पोटावर भिजली होती. पांढरी फरशी पार स्लॅबला भिडलेली. खिडकी मला दिसेना. तिच्या जागी उंच, नवाकोरा फ्रिज उभा होता, त्यांच्या भावानं आहेरात दिलेला.

"चौकट फोडली न्हाय त्यांनी," त्या म्हणाल्या. "पुजलेली हाय न्हवं. पण फ्रिज ठेवाय पूजा लागत न्हाय."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. फ्रिज आणि भिंतीच्या फटीतून ग्रॅनाइटची काळी पट्टी आणि तिच्यावरची कुंकवाची बोटं तेवढी दिसत होती. बाहेरून काकूंनी मला हाक मारली. पुतण्यासाठी मुलगी बघायला आलेल्या बाईंना माझ्याशी बोलायचं होतं.

त्यानंतर माकणीच्या त्या बाई दुकानात आल्या नाहीत. ओटा माणूस एकदाच करतो. माझं लग्न त्या पुतण्याशी ठरलं. होकार काकांनी कळवला.

दुकानातले माझे शेवटचे दिवस चालू असताना त्या बाईंचे सासरे बाथरूमच्या फरशीसाठी आले. चहा आला. घर कसं आहे, काकांनी विचारलं.

"घर झ्याक हाय. पर सुनंला सफाईचं लईच याड," ते म्हणाले. "आमी शेताकडं निघालो की फ्रिज ओढून बाजूला करती आन मागची फरशी पुसत बसती. रोज. आमी यायच्या वक्ताला परत जागंवर. खाली चाकं हायती म्हणून बरं." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आता तूच सांग पोरी, फ्रिजमागं कसली आलीय घाण?"

"असते, बाबा," मी म्हणाले. "फ्रिजमागं लई धूळ बसते."

"रोजची?"

"रोजची."