कड्यातून जाणारा माणूस

"वजनकाटा माणसाचे लाड करतो, लोखंड कुणाचे लाड करत नाही," असं तो एकदा जेवताना म्हणाला होता. बायकोनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. आज सकाळी सहा वाजता चहाचं पाणी उकळून निम्मं झालं तरी तिला भान नव्हतं. ते वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

बाथरूमच्या अर्धवट उघड्या दारातून तिला तो दिसत होता. दारामागच्या खिळ्यावरून त्यानं लोखंडी कडं काढलं, फरशीवर ठेवलं, त्यात दोन्ही पाय घालून उभा राहिला आणि वाकून ते वर ओढू लागला. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. कमरेपाशी कडं थांबलं. त्यानं पोट आत घेतलं, डावी बाजू, मग उजवी बाजू असं करत कडं वर सरकवलं. पोटावरून, छातीवरून, वर केलेल्या हातांवरून ते निघालं.

"पास!" तो आतून ओरडला.

तिनं गॅस बंद केला. आता सांगायला हवं होतं. सात वाजता त्याला न्यायला स्कूटर येणार होती.

तो कापड रंगवायच्या कारखान्यात होता. तिथला बॉयलर वर्षातून एकदा बंद करून थंड करतात, आणि मग कुणीतरी त्याच्या माथ्यावरच्या लांबट तोंडातून आत उतरून भिंतींवर साचलेला क्षार खरवडून काढतो. सव्वीस वर्षं हे काम त्याच्याकडेच होतं. आठ वर्षांपूर्वी त्याचं वजन एकशेचार किलो होतं. आत गेला तो श्वास सोडून, कसाबसा. बाहेर येताना कमरेत अडकला. धड बाहेर, पाय आत लोंबकळत. अडीच तास. माणसांनी साबणाचं पाणी ओतलं, तेल ओतलं, काखेत दोर घालून ओढलं. आधी सगळे हसत होते. मग हसायचे थांबले. त्या संध्याकाळी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाला, "अगं, बाटलीचं बूच झालो होतो मी."

पुढच्या चौदा महिन्यांत त्यानं सत्तावीस किलो उतरवले. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे तो छाती काढून गेला, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "उतरवलंत, छान. आता टिकवून दाखवा. दोन वर्षांनी भेटू." हे त्याला फार लागलं. त्याच दिवशी त्यानं बॉयलरच्या तोंडाचं माप घेतलं आणि त्या मापाचं, तसंच लांबट कडं बनवून घेतलं. रोज सकाळी, चहाच्याही आधी, त्यातून जायचं. बरोबरच्या माणसांनी त्याचं नाव रिंगमास्तर ठेवलं.

त्याच्या सवयींत थोर असं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्या बघून बायकोला कधीकधी धडकी भरे. सकाळी दोन अंडी, एक पाव, एक फळ, सुटीच्या दिवशीही तेच. "सुटी मला आहे, पोटाला नाही." कारखान्यात चालत जायचं, पन्नास मिनिटं, येताना पंचावन्न, कारण येताना चढ. जेवण लेकीच्या लहानपणीच्या ताटलीत, जिच्या मधोमध ससा होता. लेक लग्न होऊन गेली, ससा राहिला. निम्मी ताटली भाजीची, उरलेल्यात बाकी जग. उभ्यानं तोंडात काही टाकायचं नाही. झोपण्याआधी वहीत दोन ओळी: काय खाल्लं, किती चाललो. कुणाकडे जेवायला गेलं आणि आग्रह झाला, की ताटावर हात आडवा धरून म्हणायचा, "नक्की खाईन, पण बांधून द्या." ते बांधलेलं दुसऱ्या दिवशी बायको खायची. "यांच्या अंगावरून उतरलं ते कुठं गेलं, विचारता का कुणी?" असं ती शेजारणीला सांगायची.

आणि एक नियम या सगळ्यावर. कडं कमरेला नुसतं घासलं, तरी त्याच दिवशी, त्याच जेवणाला अर्धा पाव कमी आणि घराभोवती दोन फेऱ्या जास्त. सोमवारपासून, एक तारखेपासून, असले शब्द त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. किलो-दोन किलोची चूक तो तिथंच पकडायचा, दहा किलोंची होऊ द्यायचा नाही. अशी त्यानं साडेसहा वर्षं काढली.

मग तो जिन्यावरून घसरला. गुडघा, प्लास्टर, सहा आठवडे खाटेवर. चालणं गेलं. प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच सकाळी कडं मांड्यांच्या वर येऊन थांबलं, ते पुढे जाईना. अर्धा पाव कमी करून भागण्यासारखं नव्हतं ते. त्यानं सगळंच कमी केलं. दिवसभर पाणी आणि एक काकडी. फोनवर लेकीच्या अंगावर ओरडायचा, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचा. नवव्या दिवशी बाथरूममधून भांडं पडल्यासारखा आवाज आला. बायको धावली. तो फरशीवर बेशुद्ध पडला होता आणि कडं त्याच्या कमरेत रुतलेलं होतं. ते काढताना तिच्या लक्षात आलं, की याला बॉयलर मारणार नाही, हे कडं मारेल.

त्याला दवाखान्यात सलाइन लावलेलं असताना तिनं कडं पिशवीत घालून मामेभावाच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं.

"ताई, मापाची वस्तू आहे ही," मामेभाऊ म्हणाला. "दाजी मला उभा सोलतील."

"सोलू देत. सोलायला जिवंत तर राहतील."

त्यानं कडं दोन्ही टोकांना कापून दोन-दोन बोटांचे तुकडे जोडले, जोड घासून सपाट केले, वरून काळा रंग मारला. वीस मिनिटांचं काम. घरी आणून तिनं ते खिळ्याला टांगलं.

तो दवाखान्यातून आला, दुसऱ्या सकाळी कड्यातून आरपार गेला, आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मग म्हणाला, "अंडी कर गं." तिला वाटलं होतं, गुडघा सुटेल, हा चालायला लागेल, महिन्याभरात तुकडे काढून आणू. पण रोज पास होणारा माणूस कशाला अभ्यास करेल? आधी चालणं सुटलं. दोरवाला, म्हणजे बॉयलरवर याचा दोर धरून बसणारा त्याचा जुना सोबती, गुडघ्यासाठी म्हणून स्कूटर घेऊन येऊ लागला. गुडघा बरा झाला, स्कूटर येत राहिली. वही रद्दीत गेली. सशाच्या ताटलीत घराच्या किल्ल्या पडू लागल्या. फ्रिजच्या उजेडात उभं राहून तो बिस्किटं खाताना तिनं पाहिलं आणि ती काही बोलली नाही. बोलणार कुठल्या तोंडानं? बॉयलर बंद व्हायला अजून दोन महिने होते. सांगू. सोमवारी सांगू.

काल संध्याकाळी दोरवाल्यानं निरोप आणला: बॉयलर थंड केलाय, साफसफाई उद्याच.

आता तो स्वयंपाकघरात आला. खरवडायच्या कामाचा निळा अंगभर सूट त्यानं घरूनच चढवला होता. पोटावरची दोन बटणं काजांकडे बघत होती, भेटत नव्हती.

"धुण्यात आटलाय गं," तो म्हणाला आणि उभ्यानंच दुसरा पाव तोंडात घातला.

"अहो, जरा बसा."

"वेळ नाही."

खाली हॉर्न वाजला. पाठोपाठ दोरवाला स्वतःच जिना चढून दारात आला. "काय वहिनी, वाघ जेवला का?"

"वाघ तू. मी मास्तर," तो म्हणाला.

"मास्तर, हात आवरा. दोर माझ्या हातात आहे आणि माझी पाठ आता पूर्वीची राहिली नाही." दोरवाला हसला, पण त्याची नजर त्या दोन बटणांवरून फिरून आली. मग आवाज उतरवून म्हणाला, "मॅनेजर विचारत होता, बाहेरची माणसं बोलवू का? दोघंजण आहेत म्हणे, काडीसारखे."

"सांग त्याला, मास्तर अजून आहे. आत्ताच पास झालोय."

"कडं म्हणालं म्हणजे झालं." दोरवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर ओट्यावर वळवली. "या लवकर. गाडी चालूच आहे," म्हणत तो खाली गेला.

तो डबा उचलू लागला. तिनं डब्यावर हात ठेवला.

"जाऊ नका."

"का? पगार तू आणणार आहेस?"

"कडं मोठं आहे." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी केलंय. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. चार बोटं वाढवून आणलं. तुम्ही रोज खोट्या कड्यातून जाताय. आत कसेतरी उतराल हो, पण बाहेर येणार नाही."

खाली स्कूटरचं इंजिन धडधडत होतं. त्यानं डबा सोडला. चेहऱ्यावर काही दिसेना. तिला वाटलं, आता ओरडेल, भांडी फेकेल, मामेभावाचं नाव घेऊन शिव्या देईल. तिनं तेवढ्याची तयारी केली होती.

तो बाथरूमकडे गेला आणि कडं काढून आणलं. जोड शोधायला तो खिडकीशी जाईल, उजेडात धरेल, बोटांनी चाचपेल, असं तिला वाटलं. त्यानं तसं काहीच केलं नाही. त्याचा अंगठा न बघता, न चाचपता थेट जोडावर गेला. आणि तेव्हा तिला दिसलं, की तेवढ्याच जागेवरचा काळा रंग उडालेला होता. खालचं लोखंड चकचकीत झालं होतं, रोज अंगठा घासून होतं तसं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं कडं ओट्यावर टेकवलं.

"कधीपासून? पहिल्या दिवसापासून?"

त्याचा अंगठा जोडावरून एकदा फिरला.

"आणि तरी रोज 'पास' म्हणून ओरडत होतात? कुणाला ऐकवत होतात, मला?" तिनं डबा बाजूला सारला. "मी एकदा फसवलं. तुम्ही सहा महिने रोज सकाळी. आणि आज त्या तोंडातून उतरणार होतात? बूच व्हायला?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे असं एकदाच पाहिलं होतं, भिंतीकडून तोंड फिरवून, त्या अडीच तासांच्या संध्याकाळी. मग त्यानं निळ्या सुटाची बटणं सोडली. जी लागत होती तीच सोडावी लागली. सूट उतरवून त्यानं बाथरूमच्या खिळ्याला टांगला, त्यावर कडं अडकवलं. रोजचा शर्ट-पँट घातली. सशाच्या ताटलीतल्या किल्ल्या खिशात टाकल्या, ताटली नळाखाली धुतली, पुसली आणि रॅकमध्ये पुढे उभी केली. खाटेखालून जुने बूट ओढले. सहा महिन्यांची धूळ त्यानं दोन्ही बूट एकमेकांवर आपटून झाडली आणि ते घालून तो जिना उतरला.

ती खिडकीशी गेली.

"अहो मास्तर, बसा की!" खाली दोरवाला ओरडत होता. "सूट कुठाय? आणि डबा? चालत कुठं निघालात?"

त्यानं दोरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर, आणि पुढे निघाला.

"वहिनी! काय झालं यांना?"

तिनं खिडकीची चौकट घट्ट धरली. "मॅनेजरला सांगा भावजी," ती म्हणाली, आणि आवाज चढवून, रस्त्यावर ऐकू जाईल असं म्हणाली, "ती बाहेरची माणसं बोलवा म्हणावं."

ते त्याच्याही कानावर गेलं असणार. तो वळला नाही, थांबला नाही. गुडघा जरासा आखडत होता. पहिल्या वळणापर्यंत त्याची चाल सापडत नव्हती, मग सापडली. कारखान्याकडे जाणाऱ्या उतारावरून तो चालत गेला.