डावीकडे झुकणारं विमान

आमचे दाजी आयुष्यात कधी चुकले नाहीत. हे मी म्हणत नाही, ते म्हणायचे. "यंत्र चुकत नाही मास्तर, माणूस चुकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि तो चुकलेला माणूस म्हणजे समोर जो असेल तो. बहुतेक वेळा समोर मीच असायचो. थोरल्या बहिणीचा नवरा, त्यातून आमच्या घरची रीत अशी की दाजींना उलट बोलायचं नाही. ते आले की पहिलं ताट त्यांचं, पाठीला लोड त्यांना आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. या रीतीच्या आडोशाला किती अडाणी माणसं शहाणी म्हणून जगली असतील, देव जाणे.

नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूममध्ये होते. नोकरीभर त्यांनी भिंतीवरच्या काट्यांकडे बघितलं आणि काटा हलला की फोन उचलला. काम जबाबदारीचं, मी नाही म्हणत नाही. पण निवृत्त झाल्यावर माणसाने कंट्रोल रूम घरी आणावी? दूधवाला आला नाही की 'सप्लाय फेल'. ताईचं डोकं दुखलं की 'ओव्हरलोड'. दुरुस्तीला काढलेल्या प्रत्येक वस्तूवर लाल रंगवलेली पुठ्ठ्याची पाटी लटकायची, 'काम चालू आहे, हात लावू नये'. पाटी लागली की वस्तू मेली समजायचं. गिझरवर एकदा पाटी लागली, तर ताईने दोन हिवाळे चुलाण्यावर पाणी तापवलं. कॉलनीत त्यांना 'कॅप्टन' म्हणायचे ते मात्र विमानामुळे, आणि ते विमान माझ्या डोक्याला ताप म्हणूनच जन्माला आलं होतं.

झालं असं, की माझी भाची मंजू अमेरिकेत होती आणि तिला दिवस गेले. मार्गशीर्षात बाळंतपण. लेकीच्या बाळंतपणाला आई हवी, यात काही वाद नव्हता. वाद एवढाच होता की ताईला विमानाची भीती. "मला नाही बाई जमायचं. खाली बघवणार नाही आणि पडलं म्हणजे?" हे तिचं पालुपद. मंजूचा फोन आला की ती फोनवर हो म्हणायची आणि ठेवला की रडायची. तेव्हा दाजींनी जाहीर केलं, "हिची भीती मी घालवतो. भीती सवयीने जाते. विमान घरात आणतो." ऐकून मला वाटलं, आता बहुतेक कागदाचं करतील.

दाजींनी मुंबईहून कॉम्प्युटर आणला, विमान चालवायच्या खेळाची सीडी आणली आणि एक जॉयस्टिक. जॉयस्टिक म्हणजे टेबलावर ठेवायचा दांडा, तो जिकडे कलवाल तिकडे पडद्यावरचं विमान कलतं. हॉलच्या कोपऱ्यात त्यांनी प्लायवूडची खोली केली. भंगारातून जीपची सीट आणली. पायाखालचे पेडल म्हणून ताईच्या शिलाई मशीनचं पायदान उपसून बसवलं. ताई कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, तिला विचारायची गरज यांना वाटली नाही. मागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांना सामान बांधायचे पट्टे, आणि वाटीत लिमलेटच्या गोळ्या. रोज संध्याकाळी चहा झाला की ताईने त्या खुर्चीत बसून पट्टा बांधायचा आणि गोळी चघळायची. अंगावरचं पातळ सावरत ती माऊली बसायचीसुद्धा.

मी कॉलेज रोडला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून घरातला जाणकार मी. जाणकाराला दुपारी वर्ग चालू असताना फोन यायचा, "मास्तर, ड्रायव्हर पळाला." ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला एखाद्या वस्तूची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम. तो नसेल तर जॉयस्टिक टेबलावर असूनही कॉम्प्युटरला दिसत नाही. दाजींच्या घरी रोज कुणीतरी ड्रायव्हर पळून जायचा. जॉयस्टिक सुरू झाली की आवाज जायचा, आवाज आला की जॉयस्टिक गायब, आणि दोन्ही आले की पडदा निळा. त्यावर दाजी म्हणायचे, "युनिट ट्रिप झालं." फोनवरची ही बोलणी ऐकून शेजारच्या वहिनींनी ताईला विचारलं, "गाडी कधी घेतलीत? आणि ड्रायव्हर टिकत कसे नाहीत हो तुमच्याकडे?"

एका रविवारी जाऊन बघितलं तर या महापुरुषाने सीडीवरचे सगळेच ड्रायव्हर आत भरून ठेवले होते. दुसऱ्या कार्डांचे, दुसऱ्या कंपन्यांचे, असतील नसतील तेवढे.

"दाजी, एवढे कशाला?"

"स्पेअर," ते म्हणाले. "एक पंप बंद पडला तर दुसरा तयार पाहिजे. आमच्याकडे स्टॅण्डबायशिवाय काम होत नाही."

वीज केंद्रात ते बरोबर असेल. पण एका गाडीत चार ड्रायव्हर एकाच स्टिअरिंगला झोंबायला लागले तर गाडी जाणार कुठे? मी सगळे काढले, हवे तेवढे ठेवले. आवाज आला, जॉयस्टिक आली, विमान उडालं. त्यावर दाजी काय म्हणाले असतील? "आता स्टॅण्डबाय राहिला नाही. तुमच्या जबाबदारीवर." चहासुद्धा ताईने विचारला म्हणून मिळाला.

पण विमान उडायला लागलं हे खरं. त्या खेळात नाशिक नव्हतंच. मुंबईहून उडायचं आणि नुसतं हिरवं दिसायचं. दाजी मात्र बोट दाखवून सांगायचे, "ही गोदावरी. हे कांद्यांचं सायखेडा आलं." तिथे ना नदी ना गाव, हिरवा ठिपका. ताई विचारायची, "कांदे दिसतात का हो?" आणि हा माणूस गंभीरपणे म्हणायचा, "एवढ्या उंचीवरून नाही दिसत." मला हसू आवरायचं नाही. पण खोटं कशाला बोलू, हळूहळू ताई खुर्चीचे हात सोडून बसायला लागली. एकदा तर विमान हवेत असताना तिने शेंगा सोलल्या. तिकिटं काढली, दोघांची. मंजूला कळवलं. ती फोनवर नुसती "आई, आई" करत होती.

मग आली खंडेनवमी. कामगार माणूस त्या दिवशी आपल्या हत्यारांची पूजा करतो, आणि दाजींनी आयुष्यभर प्रचंड यंत्रांची पूजा बघितलेली. घरच्या विमानाला ते सोडतात होय? पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. की-बोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं. जॉयस्टिकवर तर त्यांची विशेष भक्ती. हळद झाली, मूठभर कुंकू झालं, अक्षता झाल्या, आणि नारळ फोडून त्याचं पाणी वरून शिंपडलं. मी तिथेच प्रसाद खात उभा होतो. मनात आलं, काही का करेनात, आपल्याला कोण विचारतंय.

दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून विमान उडवलं आणि ते डावीकडे कललं. कलत कलत गेलं आणि पडलं. ताई मागे पट्टा बांधून बसलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मुंबईहून निघायचं, डावीकडे झुकायचं आणि जमिनीवर आदळायचं. दिवाळी आली तरी विमान पडतच होतं. मी विचारलं की ताई भाजी निवडता निवडता सांगायची, "आज पण पडलं." एके दिवशी तिने सांगूनच टाकलं, "मी नाही जायची. मंजूला कळवा." मंजूने मला क्लासवर फोन केला. "मामा, आईला आणा ना कसंही करून. इथे माझं कोण आहे?" वर्गातली मुलं ऐकत होती.

तडक गेलो. म्हटलं, दाजी, जॉयस्टिक उघडून बघू. तर म्हणे, "तिची पूजा झालीय. तिच्यात दोष निघणार नाही. दोष ड्रायव्हरचा." कॉम्प्युटर दोनदा पुसून पुन्हा सगळं भरलं. तरी विमान डावीकडे. मग म्हणाले, खेळात वारं चालू असेल. वारं बंद केलं. तरी डावीकडे. शेवटी त्यांनी मला समजावलं की पृथ्वी फिरते, तिचा परिणाम असणार. मी हात जोडले. त्यांनी जॉयस्टिकवर लाल पाटी लावली आणि जेवायला बसले. इकडे जायचा दिवस तोंडावर आला होता.

तिढा सोडवला ताईने. पाटीबिटी न जुमानता ती फडकं घेऊन तिथली धूळ पुसत होती. हात बघितला तर लाल. "अहो, हे लाल काय येतंय याच्या बुडातून?" दाजी पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. ताईने शिलाई मशीनच्या डबीतला छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "उघड. मी सांगते म्हणून उघड."

उघडलं. नारळाच्या पाण्यात भिजून वाळलेल्या कुंकवाचा आत गोळा झाला होता आणि दांडा किती कलला ते कॉम्प्युटरला सांगणाऱ्या चकतीवर बसला होता. बाजूला दोन अक्षता अडकलेल्या. त्यामुळे दांडा सरळ असला तरी कॉम्प्युटरला तो डावीकडेच वाटायचा. मी स्पिरिटने सगळं पुसलं. विमान सरळ उडालं, सुतासारखं.

ताईला जे हसू सुटलं ते थांबेचना. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "म्हणजे विमान पडत नव्हतं. तुम्ही पाडत होता." मग मला विचारलं, "खरं विमान चालवणारे असलं काही करत नाहीत ना रे?" नाही म्हटलं. "मग जाते मी. मला उगाच वाटलं विमानच असलं असतं." ती तशीच उठली आणि लाडवांसाठी डिंक तळायला घेतला.

दाजींनी पाटी काढली. जॉयस्टिक उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "कुंकू भेसळीचं असणार."

निघायच्या दिवशी जीप केली. मी सोबत. इगतपुरीपर्यंत दाजी ताईला सूचना देत होते, कानात दडे बसले तर काय करायचं, पट्टा कसा बांधायचा. पुढे ते बोलायचे थांबले. मुंबईला विमानतळावर दाराशी ढकलगाडीवर सामान चढवलं, पासपोर्ट हातात घेतले, आणि हा माणूस जागचा हलेना. गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवलेला.

"शालिनी, तू जा," ते म्हणाले. "माझं नाही जमणार."

"काय नाही जमणार?" मी विचारलं.

"मला भीती वाटते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे एवढे महिने तो प्लायवूडचा तमाशा, ते पायदान, त्या गोळ्या, ते सगळं कुणासाठी होतं? पुढच्या सीटवर बसून स्वतःचीच भीती घालवत होता हा माणूस, आणि पुढे केलं होतं माझ्या बहिणीला. भित्रा तर भित्रा, वर खोटा. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं, कारण ताई शांत होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिने खाली बसून त्यांची बॅग उघडली, त्यातले डिंकाचे लाडू काढून आपल्या बॅगेत भरले, त्यांच्या कॉलरचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "वेळेवर जेवा." आणि आयुष्यात खरं विमान जवळून न बघितलेली माझी बहीण एकटी आत गेली.

परत येताना कसारा घाटात दाजी म्हणाले, "मास्तर, घरी काही बोलू नका. बीपी वाढलं होतं म्हणा." मी म्हणालो, "बरोबर आहे दाजी. यंत्र चुकत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोललो. ते खिडकीकडे तोंड करून बसले. मला जराही वाईट वाटलं नाही.

मंजूला मुलगा झाला. ताई वेळेत पोचली होती. फोनवर बाळाचं रडणं ऐकून दाजी म्हणाले, "आवाज व्यवस्थित आहे." पुढे ताई अनेकदा गेली. दाजी एकदाही गेले नाहीत. मंजूचं इकडे येणं कधी कागदपत्रांत अडकायचं, कधी नोकरीत, त्यामुळे नातू त्यांनी फोटोतच पाहिला. कॉलनीत मात्र ते सांगत फिरायचे की विमानप्रवासात काही दम नाही. त्यांची एक गोष्ट मला उशिरा कळली. ताई विमानात बसली की हा माणूस अन्न घ्यायचा नाही. उतरल्याचा फोन आला की पोहे मागवायचा. मी म्हटलं, यात कसलं कौतुक? भीतीने घास उतरत नसेल. आजही मी तसंच म्हणेन.

मंजूच्या दुसऱ्या बाळंतपणाला ताई तिकडे असताना दाजींच्या छातीत दुखलं. दवाखान्यात ते मला म्हणाले, "तिला कळवू नका. घाईघाईत विमानात बसेल." मी ऐकलं नाही, फोन केला. ताई मिळेल त्या विमानाने निघाली. ती हवेत असताना दाजी गेले.

मुंबईला तिला आणायला मीच गेलो. दारातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं. बॅग ठेवून जीपमध्ये बसली. ठाणं मागे पडलं तेव्हा तिने विचारलं, "शेवटी काही खाल्लं होतं का रे त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो. "तू विमानात बसलीस असं सांगितलं, तशी त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली."