पाठमोरे फोटो

माझा मामा म्हणजे न उघडणाऱ्या फोटोंचा डॉक्टर. फोटोग्राफर रडवेली तोंडं करून त्याच्या दुकानात यायचे, रॉ फाइल उघडत नाहीत म्हणून. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल. सॉफ्टवेअरने ओळखला तरच फोटो दिसतो. मामा मान वर न करता विचारायचा, "कॅमेरा नवा घेतलास का?" हो म्हटलं की, "मग फाइलला कशाला शिव्या देतोस? तुझं सॉफ्टवेअर जुनं, त्याला हा कॅमेरा माहीतच नाही. नवं व्हर्जन टाक, जा." त्याच्या त्या मान वर न करण्याचा मला भारी राग यायचा. समोर चहा ठेवला तरी तो कपालाच 'हं' म्हणायचा.

त्याची मुलगी, माझी ताई, ध्यानीमनी नसताना तापाने गेली. पहिल्या पगारातून घेतलेल्या कॅमेऱ्याची हौससुद्धा फिटली नव्हती. कार्डात तिचे फोटो होते आणि एकही उघडत नव्हता.

मामाने जंग जंग पछाडलं. दुरुस्तीची मिळतील ती सॉफ्टवेअर चालवून पाहिली. "पोरीने घाईत कार्ड ओढलं असणार, फाइली खराब झाल्या," म्हणायचा. त्याला तिचा चेहरा हवा होता, आजारपणाआधीचा, हसरा. पडद्यावर मात्र तीच ओळ: फाइल ओळखता येत नाही. मला ते दुकान खायला उठायचं. मामा मध्येच थबकून विचारायचा, "आत्ता हाक कोणी मारली?" कोणीच मारलेली नसायची.

शेवटी मी वैतागले. "मामा, तिचा कॅमेरा नवा होता ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. सगळ्या जगाला विचारायचा तो प्रश्न स्वतःला विचारायचाच राहिला होता. फाइली धडधाकट होत्या, जुनं होतं ते त्याचंच सॉफ्टवेअर.

नवं व्हर्जन टाकलं आणि फोटो भराभर उघडले. ताई एकाही फोटोत नव्हती. कॅमेरा तिच्याच हातात होता. सगळे फोटो दुकानाच्या दारातून काढलेले. मामाची पाठ, विरळ केस, पडद्याकडे वाकलेली मान. शेवटच्या फोटोत त्याचा एक हात वर, मागे न बघता 'थांब जरा' म्हणणारा.

"हाका मारत होती," मामा म्हणाला. "बाबा, एकदा इकडे बघा ना, म्हणत होती. मी म्हटलं, एवढी फाइल होऊ दे."

मला रडू आवरेना. मामा मात्र खुर्चीसकट हळूहळू मागे फिरला. केसांवरून हात फिरवला, कॉलर नीट केली आणि रिकाम्या दाराकडे बघून हसला.

"काढ," म्हणाला.