चौथा कोपरा

माझ्या सासूबाई कशा आहेत ते कळून घ्यायचं असेल, तर त्यांच्याशी बोलू नका, त्या फारसं बोलत नाहीत. त्यांनी शिवलेली कुठलीही गोधडी घ्या आणि तिचा कोपरा उलटा करून बघा. आमच्या घरात हे काम माझ्या सासऱ्यांनी अडतीस वर्षं केलं, तेही कुणी न सांगता.

सासरे चादरींच्या कारखान्यात तपासनीस होते. टेबलावर चादर आली की तिचे चारही कोपरे उलटेपालटे करून बघायचे आणि नापसंत कोपऱ्यावर निळ्या खडूची फुली मारायची, हे त्यांचं काम. फुली पडलेली चादर उसवायला परत जायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण खडू काही निवृत्त झालेला नाही, तो शर्टाच्या खिशात असतोच. गल्लीत सगळे त्यांना ‘तपासनीस’ म्हणतात आणि ते त्याला मान समजतात. भाजीतलं मीठ, माझ्या मुलीचा भांग, समोरच्यांनी बसवलेल्या नव्या दाराची फट, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. आमच्यावर फुली मारत नाहीत एवढे उपकार. नुसते भुवया वर करतात. तेवढ्यानेही माझं डोकं तापतं, पण मी पडले सून, मूग गिळून बसते.

सासूबाईंच्या गोधड्यांवर मात्र खरीखुरी फुली पडायची. त्यांचा गोट म्हणजे काय सांगू. गोट म्हणजे गोधडीच्या कडेने लावतात ती कापडाची दुमडलेली पट्टी. सरळ कड कुणीही शिवेल, कस लागतो तो कोपऱ्यात. तिथे कापड जाड होतं, फुगतं, नाहीतर गोल होऊन बसतं. सासूबाईंचा कोपरा टोकदार आणि सपाट, मधे तिरकी घडी, दोन्ही बाजूंनी सारखी. टाका शोधायला भिंग लागेल. गोधडी पुरी झाली की त्या ती सासऱ्यांसमोर पसरायच्या. सासरे खाली बसायचे, एकेक कोपरा अंगठ्याने दाबून बघायचे. पहिला पास. दुसरा पास. तिसरा पास. चौथ्यावर थांबायचे, मान तिरकी करायचे आणि खिशातून खडू काढायचे.

मी या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत चारही कोपरे पहिल्या फटक्यात पास झालेली एकही गोधडी मी पाहिली नाही. सासूबाई वाद घालत नसत. चष्मा लावायच्या, छोटी कात्री घ्यायच्या आणि तो कोपरा उसवून पुन्हा शिवायच्या. दुसऱ्या दिवशी सासरे बघून म्हणायचे, “आता जमला.” मी एकदा न राहवून म्हटलं होतं की मला तर आधीचाही असाच दिसत होता. तर सासूबाईंनी मलाच गप्प केलं. म्हणाल्या, त्यांची नजर कारखान्यात तयार झालेली आहे, आपल्याला काय कळणार. मला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही, त्यामुळे मी विषय सोडला.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक शिवणवर्ग आहे. तो चालवणाऱ्या बाईंनी आमच्या गच्चीवर वाळत घातलेली गोधडी खालून पाहिली आणि सरळ जिना चढून घरात आल्या. आमच्या मुलींना गोट लावायला शिकवाल का, रोज दुपारी दोन तास, असं विचारलं. सासूबाईंनी नाही सांगितलं. या आधीही बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता आणि दोन्ही वेळा नकारच गेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. कारण काय, तर म्हणे माझा चौथा कोपरा जमत नाही. ज्याला स्वतःला जमत नाही त्याने दुसऱ्याला काय शिकवायचं?

बाई खमक्या निघाल्या. दोन आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारी एक गोधडी घेऊन या, मी माझ्या डोळ्यांनी बघते, जमलं नसेल तर तसं तोंडावर सांगते, असं म्हणून चहा न पिताच गेल्या. त्यांची पाठ वळली आणि सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“मला जायचंय गं,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून ‘मला’ हा शब्द मी क्वचितच ऐकला होता. मी म्हटलं, मग जा की, अडवलंय कोणी? त्यावर त्यांनी स्वतःलाच अट घातली. या वेळी चारही कोपरे पहिल्या फटक्यात पास झाले तर जायचं, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. परीक्षा बाई घेणार, आणि ही बाई निकाल नवऱ्याकडून आणणार.

दहा दिवस त्या शिवत होत्या. तीन कोपरे झाले. चौथ्याच्या वीतभर अलीकडे आल्या आणि सोमवारी सकाळी मोरीत पाय घसरून उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यातून आल्या, गोटाची लोंबती पट्टी गुंडाळून गोधडीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, वर्गात जाऊन सांग की जमणार नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज ऐकून माझ्याच डोळ्यांत आलं.

सासरे पेपर वाचत होते. पेपरमागूनच म्हणाले, “एक कोपरा तर राहिलाय. मी शिवतो. आयुष्यभर कोपरेच बघितलेत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझा नवरा हसू लपवत बाहेर निघून गेला. मी दोरा आणून दिला.

पहिली पंधरा मिनिटं सुई ओवण्यात गेली. दिवाणखान्यात खिडकीपाशी गोधडी पसरलेली, तिच्या एका बाजूला सासरे मांडी घालून, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून सासूबाई. त्या सांगत होत्या तसं त्यांनी करायचं. कडेने शिवत यायचं, पण कोपऱ्यापर्यंत जायचं नाही, अर्धं बोट अलीकडे थांबायचं. पट्टी सरळ वर दुमडायची म्हणजे तिरकी घडी पडते, मग तीच पट्टी खाली दुसऱ्या कडेवर आणायची. पुढे शिवून झालं की गोधडी उलटी करायची, आधी एक बाजू वळवायची, मग तिच्यावर दुसरी. ऐकायला सोपं. सासऱ्यांना अलीकडे थांबणं मंजूर नव्हतं, त्यांच्या मते ते काम अर्धवट सोडण्यासारखं होतं. ते टोकापर्यंत शिवून मोकळे झाले. कोपरा गोल झाला.

“उसवा,” सासूबाई म्हणाल्या.

दुसरा फुगला. तिसऱ्यात पट्टीच उलटी लागली. बुधवारी त्यांच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या आणि दोरा ओवायला माझी मुलगी लागत होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरवलं की काय होतं, ते आम्ही सगळे डोळे भरून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला भलताच आनंद होत होता. गुरुवारी मी चहा घेऊन गेले तर सासरे विचारत होते, अलीकडे नेमकं कुठे थांबायचं ते तुला कसं कळतं? सासूबाई जरा विचारात पडल्या. मग डाव्या हाताने त्यांचं बोट धरून त्यांनी ते कापडाच्या जाडीवर फिरवलं आणि इथे, म्हणाल्या. आजवर त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कोपरा जमला. मी जवळून पाहिला. टोकदार, सपाट, मधली घडी सरळ. सासऱ्यांनी दोरा तोडला, गोधडी सासूबाईंच्या पुढ्यात सरकवली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. सासूबाईंनी डावा अंगठा कोपऱ्यावर दाबला. एकदा पुढून, एकदा मागून. मग मान तिरकी केली.

“नापास,” त्या म्हणाल्या.

गंमत करत होत्या त्या, ओठांच्या कडेवरून मला दिसत होतं. सासऱ्यांना दिसलं नाही. ते एकदम लालबुंद झाले. चार दिवस मान मोडून बसलोय, हा कोपरा चांगला आहे, यात खोट काढून दाखव, असं म्हणत राहिले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, चौथा आहे ना, चौथा नापासच असतो.

तेव्हा सासरे बोलून गेले.

“अगं, ते तसं नव्हतं. तुझे कोपरे कधी वाईट नव्हतेच.”

आणि मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने. कारखान्यात तपासनिसाने सगळाच माल पास केला, तर वरच्यांना वाटतं हा खुर्चीत डुलक्या काढतो. म्हणून दर गठ्ठ्यात काही नापास करावेच लागतात. माल चांगला असला तर चांगल्यावरच फुली मारायची. तीच सवय घरी लागली, चारात एक. बहुतेक शेवटचा, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं. मला वाटतं ते मनापासून सासूबाईंचं कौतुकच करत होते.

सासूबाईंच्या ओठांवरचं हसू गेलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या गोधडीपासून.”

“आणि मी उसवून परत शिवायचे तो?”

“तो तसाच असायचा की. म्हणून तर पास करायचो.”

कारखान्यातल्या उसवणाऱ्या बायका मग काय करायच्या, असं त्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, त्यांना ठाऊक होतं ना, त्या नुसती फुली पुसून इस्त्री फिरवायच्या आणि माल परत पाठवायच्या. मी निवृत्त झालो तेव्हा सगळ्या निरोपाला आल्या होत्या.

मी दारात उभी होते. हातातला कप आपटावा असं वाटत होतं. अहो, त्या बायकांना माहीत, तुम्हाला माहीत, आणि घरातलीला सांगायला अडतीस वर्षं तोंड नव्हतं? पण माझी जागा नव्हती ती.

सासूबाई म्हणाल्या, “मला वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी कमी आहे.”

सासरे गडबडले. काहीतरी करायला हवं म्हणून की काय, नेहमीसारखे पुढे सरकले आणि पहिला कोपरा उलटा करायला लागले. राहिलेले तीन बघून टाकतो, म्हणाले. सासूबाईंनी डाव्या हाताने गोधडी आपल्याकडे ओढली आणि प्लॅस्टरच्या हाताने दाबून तिची घडी घातली. ही तुम्ही तपासायची नाही, म्हणाल्या. घडी वाकडीतिकडी झाली होती. ती तशीच उचलून त्या आतल्या खोलीत गेल्या.

शनिवारी आम्ही दोघी वर्गात गेलो. गोधडी मी उचलली होती. बाईंनी ती लांब टेबलावर पसरली, चष्मा वर केला आणि कोपरे बघितले. तीन बघून मान डोलावली. चौथ्याशी थांबल्या.

बाई म्हणाल्या, हा तर चारांत उजवा आहे. या एकाला दोरा वेगळ्या हाताने ओढलाय. कोणी शिवला?

“माझ्या नवऱ्याने,” सासूबाई म्हणाल्या. “नवीन आहेत ते. चार दिवसच झाले, शिकताहेत.”

बाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. चार दिवसांत कोरा माणूस असा कोपरा शिवतो म्हणजे शिकवणारी कोण असेल, म्हणाल्या. प्लॅस्टर असू दे, तोंड तर शाबूत आहे, सोमवारपासून या. सासूबाईंनी एका दमात हो म्हटलं, घरी विचारून सांगते वगैरे काही नाही. परत येताना त्या माझ्यापेक्षा भरभर चालत होत्या.

सासरे दारातच उभे होते. वर्गाचं काय झालं हे विचारायच्या आधी त्यांनी बाई कोपऱ्याचं काय म्हणाल्या ते विचारलं. विशेष काही नाही, असं सांगून सासूबाई हात-पाय धुवायला गेल्या.

या गोष्टीला आता चार महिने झाले. प्लॅस्टर निघालं. वर्गात एकवीस मुली आहेत, आणि त्यातल्या कुणाचाही कोपरा एकदा पास झाला की तो पुन्हा उसवायचा नाही, असा सासूबाईंचा कडक नियम आहे. सासऱ्यांनी टाकाऊ कापडांवर आणखी नऊ कोपरे शिवले. संध्याकाळी सासूबाई आल्या की ते सहज आठवल्यासारखं विचारतात, बाई त्या चौथ्या कोपऱ्याबद्दल काही बोलल्या का? सासूबाई चपला कोपऱ्यात ठेवत म्हणतात, नाही बाई, काही नाही. सासऱ्यांचा चेहरा एवढासा होतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, परवा मला त्यांची दयाच आली, आणि ती येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी सासूबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, आई, सांगून टाका ना आता, चारांत तोच चांगला होता म्हणून. किती दिवस झुरवणार?

त्या सुई ओवत होत्या. दोरा ओवून झाला, गाठ मारली.

“सांगेन की,” त्या म्हणाल्या. “अडतीस वर्षं होऊ देत.”